शनिवारचा सुतारपक्षी

१

एका पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. ते पत्र मी वाचत असलेल्या पुस्तकात खूण म्हणून ठेवलं होतं. पुस्तक जसजसं पुढे सरकायचं, तसतसं पत्रही पुढे सरकायचं. एक पुस्तक संपलं, दुसरं घेतलं, पत्र त्यात गेलं. उत्तर मात्र जागच्या जागी राहिलं.

पत्र हाताने लिहिलेलं होतं. संगणक दुरुस्त करणारी मुलगी पत्र शाईच्या पेनाने लिहिते, याचं मला आधी हसू आलं. मग मजकूर वाचला आणि हसू गेलं. तिने एवढंच विचारलं होतं, "काका, बाकीच्यांचं सोडा. तुम्हालाही मी हलगर्जी वाटते का?"

'नाही' असं लिहायला हात उचलायचा, आणि मनात यायचं, तुला काय कळतं रे संगणकातलं? तू कशाच्या जोरावर 'नाही' लिहिणार? मग 'पुरेशी माहिती नसल्यामुळे' असं काहीतरी सुरू करायचो. ते इतकं भेकड वाटायचं की कागद फाडून टाकायचो. टोपली भरत गेली.

आमची संस्था दृष्टिहीनांसाठी पुस्तकं तयार करते. काही पुस्तकं ऐकायची, काही बोटांनी वाचायची. ऐकायची पुस्तकं मी वाचतो. जाड दाराच्या एका खोलीत मायक्रोफोनसमोर बसायचं आणि वाचत राहायचं. माणसांसमोर माझं तोंड उघडत नाही, पण बंद खोलीत मी तासन्‌तास बोलू शकतो. माझ्यासारख्यासाठी याहून बरी नोकरी कोणी काढली नसती.

बोटांनी वाचायची पुस्तकं शेजारच्या खोलीत होतात. तिथे ब्रेल छापायचं जुनं यंत्र आहे. ते जाड कागदावर हातोड्या मारून टिंबं उठवतं. त्याचा आवाज भिंतीतून येतो, टक-टक-टक, म्हणून सगळे त्याला सुतारपक्षी म्हणतात. तो सुरू झाला की माझं वाचन बंद. यावरून माझी आणि तो चालवणाऱ्या मिस्त्रींची कायम कुरबूर असते.

या सुतारपक्ष्याचं डॉक्टरांशिवाय कोणाशी पटत नसे. डॉक्टर म्हणजे पत्र लिहिणारी तीच मुलगी. आजारी यंत्रं बरी करते म्हणून हे नाव. बाकी संगणकांना नवं अपडेट आलं तर ते घेतात आणि कामाला लागतात. पण सुतारपक्षी ज्या संगणकाला जोडलेला आहे, तिथे अपडेट आलं की हा मुका होतो. मग डॉक्टर त्याच्या जुन्या फाइली शोधून आणणार, घालणार, काढणार, पुन्हा घालणार, तेव्हा कुठे स्वारी तोंड उघडणार. म्हणून डॉक्टरांनी अपडेटं अडवून ठेवली होती. आधी सगळ्याचा बॅकअप, मग स्वतः समोर बसून अपडेट. बिघडलंच तर त्या वाद घालत बसत नसत. "पुसायचं, नव्याने घालायचं, सामान परत मांडायचं. घर बदलल्यासारखं, काका," असं त्या म्हणायच्या.

आणि त्या रजेवर गेल्या असतानाच शाळेच्या परीक्षेसाठीचं भूमितीचं पुस्तक नाहीसं झालं.

२

पुस्तक ब्रेलमध्ये उतरवायचं काम मास्तरांकडे होतं. पूर्वी शिकवायचे म्हणून मास्तर. पन्नाशीचे, व्यवस्थित, शर्टाला रोज इस्त्री. त्यांच्याच संगणकाला सुतारपक्षी जोडलेला. पुस्तक पूर्ण झालंय, येत्या आठवड्यात छापायला देतो, असं ते सगळ्यांना सांगत होते.

शनिवारी दुपारी ते मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. मोठ्या बाई म्हणजे आमच्या व्यवस्थापिका. मास्तरांचं म्हणणं असं, की शुक्रवारी संध्याकाळी संगणक बंद करताना अपडेट आपोआप सुरू झालं. त्यांनी मोबाइलवर फोटो काढून ठेवला आणि घरी गेले. शनिवारी उशिरा येऊन पाहिलं तर भूमितीचं फक्त पहिलं प्रकरण शिल्लक, बाकी सगळं साफ. मग त्यांनी संगणक बंद-चालू करून पाहिला, तर तो सुरूच होईना.

तो फोटो मास्तरांनी आम्हा सगळ्यांना दाखवला. मीही पाहिला. निळा पडदा, गोल फिरणारे ठिपके, 'बंद करू नका' अशी सूचना, आणि कडेला मान वाकडी केलेला टेबलावरचा दिवा. पुरावा म्हणून यापेक्षा जास्त काय हवं?

सोमवारी डॉक्टर आल्या. संगणक खरंच सुरू होत नव्हता. त्यांनी नेहमीप्रमाणे सगळं पुसलं, नव्याने घातलं, आणि बॅकअपच्या डबीतून सामान परत आणलं. डबी म्हणजे हाताएवढी हार्डडिस्क. रोज दुपारच्या सुट्टीत सगळ्या संगणकांतलं सगळं तिच्यात उतरायचं, आणि प्रत्येक दिवसाची प्रत वेगळी राहायची. सामान परत आलं, सुतारपक्षी बोलता झाला. पण भूमितीचं तेच पहिलं प्रकरण आलं, दुसरं नाही.

मोठ्या बाईंनी निष्कर्ष काढला. डॉक्टरांची डबी महिनोन्‌महिने नुसती दिवा लावून बसली होती, आत काही उतरत नव्हतं. डॉक्टर सांगत राहिल्या की डबी ताजी आहे. मोठ्या बाई म्हणाल्या, "ताजी आहे तर पुस्तक काढून दाखवा." डॉक्टरांना ते काढता आलं नाही, आणि डबीत बाकी काय उतरलंय ते बघायला मोठ्या बाई तयार नव्हत्या. दुसऱ्या दिवसापासून येऊ नका, असं त्यांना सांगण्यात आलं, आणि डबी मोठ्या बाईंच्या कपाटात कुलूपबंद झाली.

डॉक्टर अशाच आणखी चार ठिकाणची कामं करायच्या. बातमी त्यांच्या आधी तिथे पोचली. मग त्या भावाच्या गावी निघून गेल्या आणि तिथून ते पत्र आलं.

त्यात महिना गेला. एक दिवस पत्र पुस्तकातून खाली पडलं. ते उचलताना मला वाटलं, कळत नाही म्हणून गप्प बसायचं, तर निदान विचारून तरी पाहावं. विचारायला संगणक यावा लागत नाही. पण विचारायला माणसांशी बोलावं लागतं, आणि पहिल्याच माणसाने माझ्याशी खोटं बोलायचं ठरवलं.

३

पहिले मिस्त्री. यंत्राच्या आवाजाने त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे ते स्वतःच मोठ्याने बोलतात. मी विचारलं, शनिवारी सकाळी तुम्ही काय छापत होतात?

"शनिवारी? काही नाही. यंत्र लावलंच नाही मी."

मी म्हटलं, मला तर आवाज आल्याचं आठवतंय, मी वैतागून वाचन थांबवलं होतं.

"तो शुक्रवार असेल, काका. नाहीतर गुरुवार. तुम्ही रोजच वैतागता," असं म्हणून ते कागदाच्या गठ्ठ्याकडे वळले. पण मान लाल झाली होती. जाताना मला हळूच म्हणाले, म्हणजे त्यांच्या मानाने हळू, की त्या संगणकाला आपण हातही लावला नव्हता, हे मोठ्या बाईंच्या कानावर घाला.

न विचारता दिलेलं उत्तर मला खटकलं. पण आवाज शनिवारचाच, हे मी छातीठोकपणे सांगू शकत होतो का? माझी आठवण म्हणजे चाळण. मी काल जेवणात काय खाल्लं ते सुनेला विचारून सांगतो.

मग मोठ्या बाई. त्यांना वाटलं मी पगाराचं बोलायला आलोय, म्हणून त्या आधीच नाही म्हणाल्या. विषय कळल्यावर जास्तच थंड झाल्या. बोलण्याच्या ओघात कळलं की नव्या संगणकवाल्याची निवड झालीच आहे. त्यांचा भाचा. त्याचं दुकान आहे, स्वस्तात करून देईल. मी मान हलवत बाहेर पडलो. डॉक्टर जाण्याने कोणाचा फायदा झाला, याचं एक उत्तर तर दारातच मिळालं होतं.

तिसऱ्या मावशी. छापून आलेलं ब्रेल त्या बोटांनी तपासतात. जन्मापासून दिसत नाही. वयाने माझ्याएवढ्या, जिभेने माझ्या दुप्पट. मी दारात उभा राहून घसा खाकरला.

"या काका. आज गुप्तहेर निघालात म्हणे. मिस्त्री कुजबुजत होता, सगळ्या इमारतीला ऐकू गेलं."

मी त्यांना विचारलं, भूमितीचं पुस्तक तुमच्या बोटांखालून किती गेलं? त्यांनी जरा विचार केला. मास्तरांनी त्यांना पहिलं प्रकरण तपासायला दिलं होतं. मग काही दिवसांनी 'सुधारलेलं' म्हणून पुन्हा पहिलंच. मग आणखी एकदा. त्यात सुधारलेलं काही नव्हतं. तिसऱ्या ओळीतलं चुकलेलं टिंब तिन्ही वेळा तसंच होतं. त्यांनी ते मास्तरांना सांगितलं, तर मास्तर म्हणाले, पुढची प्रकरणं एकदमच देतो.

"मग दिली?"

"पुस्तकच गेलं, देणार कुठून? मला आपलं वाटतं, त्या पोरीने पुस्तक खाल्लं नाही. पण मला वाटून काय होतंय? मी डोळ्यांनी पाहिलं नाही ना," असं म्हणून त्या स्वतःच हसल्या.

राहता राहिले मास्तर. त्यांच्याशी बोलायला मला संकोच वाटत होता, कारण ज्याचं पुस्तक गेलं त्याच्यावर कसला संशय घ्यायचा? त्यांची खोली नेहमीसारखी टापटीप होती. टेबलावर भिंग लावलेला मोठा पांढरा दिवा, गेल्या वर्षी भूमितीच्या बारीक आकृत्यांसाठी म्हणून मागवलेला. संगणकावरची अक्षरं अंगठ्याएवढी. मास्तरांनी माझं नीट स्वागत केलं, चहा मागवला, आणि दारावरची सूचना काय लागलीय ती जरा वाचून दाखवा म्हणाले, चष्मा घरी राहिलाय. मी वाचून दाखवली. मग ते डॉक्टरांबद्दल बोलले. पोरगी वाईट नव्हती, पण आजकालच्या मुलांना सगळं आपोआप हवं असतं. आपोआप उतरतं म्हणे, आपोआप. बघितलं कोणी?

मग आवाज खाली आणून म्हणाले, "शनिवारी मी यायच्या आधी संगणकाला कोणी हात लावला होता, तेही बघा. मी कोणाचं नाव घेत नाही. पण त्याला जोडलेलं यंत्र कोण चालवतं?"

म्हणजे पुन्हा मिस्त्री. शनिवारी यंत्र लावलंच नाही म्हणणारे, आणि संगणकाला हात लावला नाही हे न विचारता सांगणारे मिस्त्री.

४

रेकॉर्डिंग सुरू करताना आम्हा वाचकांची एक पद्धत असते. आधी वार आणि प्रकरण बोलायचं, मग वाचायचं. नंतर ती सुरुवात कापून टाकतात. म्हणजे मी शनिवारी सकाळी वैतागून थांबवलेला तुकडा कुठे असेल, तर त्याच्या तोंडाशी माझ्याच आवाजात 'शनिवार' असणार होतं.

पण वाया गेलेले तुकडे मी दुसऱ्या दिवशी पुसून टाकतो. माझ्या संगणकात तो नव्हता.

तेव्हा मला डबीची आठवण झाली. एकदा मी चुकून अख्खं प्रकरण पुसलं होतं आणि घामाघूम होऊन बसलो होतो. डॉक्टरांनी डबीतून ते दोन मिनिटांत परत आणलं, आणि पुढच्या वेळी रडायची पाळी येऊ नये म्हणून मला कसं शोधायचं ते शिकवलं. आपण पुसलं तरी डबी विसरत नाही, त्या म्हणाल्या होत्या.

मोठ्या बाईंकडे डबी मागायला मी तीनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो. चौथ्यांदा त्यांनीच विचारलं, तुम्हाला बाथरूम हवंय का? मग मला मागावीच लागली. त्या संशयाने माझ्याकडे बघत राहिल्या. ही डबी म्हणजे डॉक्टरांच्या हलगर्जीपणाचा पुरावा, ती अशी कोणाच्या हातात कशी द्यायची? शेवटी माझ्या खोलीत येऊन बसायच्या अटीवर त्यांनी ती काढली.

त्या शनिवारची प्रत उघडली. माझा तुकडा होता. मी तो लावला. खोलीत माझाच आवाज घुमला, "शनिवार. प्रकरण नववं." मग दोन वाक्यं. मग भिंतीपलीकडून, जरा दबलेलं पण स्पष्ट, टक-टक-टक-टक. मग माझा सुस्कारा आणि बंद.

मोठ्या बाई सरळ बसल्या. त्यांना त्या आवाजाचा अर्थ लगेच कळला. मिस्त्री खोटं बोलले होते. शनिवारी यंत्र चालू होतं, म्हणजे संगणकावर त्यांचा हात होता. त्यांनी मिस्त्रींना बोलवायला शिपाई पाठवला.

मिस्त्रींनी ऐकलं आणि ते एकदम लहान दिसायला लागले. हो, लावलं होतं. गोष्टीच्या पुस्तकाची उरलेली पानं काढली होती. दुपारी ओरडा झाला, तेव्हा वाटलं, सकाळी आपला हात लागला म्हणूनच बिघडलं की काय. घाबरून नाही म्हणालो आणि मग नाहीच म्हणत राहिलो. "नोकरी गेली तर या वयात मला कोण ठेवणार?" एवढंच ते हळू आवाजात बोलले. त्यांना हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

मोठ्या बाई उठल्या. दोष मिस्त्रींचा, असं त्यांचं ठरलं होतं. मी मात्र उठलो नाही. काहीतरी टोचत होतं, आणि ते काय हे सापडेपर्यंत मी मूर्खासारखा 'एक मिनिट, एक मिनिट' म्हणत राहिलो. डबीत शुक्रवारची मास्तरांची प्रतही होती. मी ती उघडली. त्याच आठवड्यात झालेल्या भाचीच्या लग्नाचे मास्तरांचे फोटो तिच्यात होते. म्हणजे डबी ताजी होती. भूमितीचं मात्र पहिलंच प्रकरण होतं, आणि त्यावरची तारीख कित्येक महिन्यांपूर्वीची.

आणि मग मला कळलं की आम्ही सगळे चुकीचा प्रश्न विचारत होतो. मिस्त्रींनी सुतारपक्षी शनिवारी का लावला, हा प्रश्नच नव्हता. तो लागला कसा, हा प्रश्न होता.

५

मला बोलून सांगता येईना. मी मोठ्या बाईंना म्हटलं, उद्या अपडेट होऊ द्या. डॉक्टरांनी जाताना त्या संगणकावर अडवून ठेवलेलं अपडेट तसंच पडून होतं. सगळ्यांसमोर होऊ द्या. डबी भरून घेऊ, काही बिघडलं तर दोष माझा.

दुसऱ्या दिवशी सगळे मास्तरांच्या खोलीत जमलो. मोठ्या बाई, मिस्त्री, मावशी आणि मी. मास्तरांनी विरोध केला. एकदा हात पोळलेत, पुन्हा कशाला? डॉक्टरही नाहीत. बोलणं अगदी रास्त होतं, आणि माझा धीर तिथेच सुटला असता. पण मावशी म्हणाल्या, "होऊ दे रे. इथे राहिलंय काय आता बिघडायला?"

पडदा निळा झाला. ठिपके फिरायला लागले. चहा झाला, गप्पा संपल्या, तरी ठिपके फिरतच होते. मला वाटत होतं, आपली फजिती होणार. या वेळेस सुतारपक्षी नेमका बोलणार, आणि मग मला इथे तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

अपडेट संपलं. मिस्त्रींनी गोष्टीच्या पुस्तकाचं पान पाठवलं आणि यंत्राचं बटण दाबलं.

काही झालं नाही.

पुन्हा दाबलं. कागद हलला नाही. मिस्त्री सवयीने म्हणाले, "रुसला. अपडेट झालं की रुसतोच हा. डॉक्टर आल्याशिवाय..." आणि मध्येच थांबले.

मग मी बोललो. अडखळत बोललो, पण बोललो. मास्तर म्हणतात शुक्रवारी संध्याकाळी अपडेट झालं. डॉक्टर शुक्रवारी नव्हत्या, शनिवारी नव्हत्या. अपडेट झालं असतं, तर शनिवारी सकाळी हा मुका असायला हवा होता. तो बोलत होता. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये आहे. म्हणजे शुक्रवारी अपडेट झालंच नाही. मग अपडेटने पुस्तक खाल्लं कसं? आणि संगणक सकाळी चालू होता, तो दुपारी का मेला? शनिवारी दुपारी त्याच्याजवळ एकच माणूस होता.

मास्तरांनी शांतपणे खिशातून मोबाइल काढला. "आणि हा फोटो? हा काय मी हाताने रंगवला?"

"तो मला जरा बघायचाय," मी म्हटलं. "त्यात कडेला दिवा दिसतो. कुठला दिवा आहे तो, सांगता?"

मास्तरांनी मोबाइल नाकाजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. "हाच की. माझा. हा मोठा."

फोटोत मान वाकडी केलेला जुना दिवा होता. तो दिवा वर्षभरापूर्वी काढून टाकला होता. फोटो जुन्या अपडेटचा होता, आणि मास्तरांना त्यातला दिवा दिसत नव्हता. मला हे असं, सगळ्यांसमोर, उघडं पाडायचं नव्हतं. मला वाटलं होतं दिवा पाहून ते गप्प होतील. ते पाहूच शकणार नाहीत, हे मी शेवटच्या क्षणापर्यंत ओळखलं नव्हतं. भिंगाचा दिवा, अंगठ्याएवढी अक्षरं, दारावरची सूचना, सगळं समोर असूनही.

मास्तर खुर्चीत बसले. सांगायला लागल्यावर सरळ सांगितलं. गद्य चालायचं. अक्षरं मोठी करून, सवयीने, अंदाजाने. पण भूमितीतल्या बारीक खुणा, कोनांवरची अक्षरं, डोक्यावरचे घात दिसेनासे झाले. एक चुकलं तर मुलं परीक्षेत चुकणार. पहिलं प्रकरण कसंबसं झालं, पुढे हात धजावेना, आणि 'होतंय, होतंय' म्हणता म्हणता महिने गेले. मग जुना फोटो, आणि शनिवारी दुपारी संगणक चालू असताना पुन्हा पुन्हा काढलेली वायर. पुस्तक कधी पुसलंच गेलं नव्हतं. ते कधी झालंच नव्हतं.

मोठ्या बाईंनी विचारलं, आणि त्या मुलीचं काय?

"ती तरुण आहे," मास्तर म्हणाले. "तिला कुठेही काम मिळेल, असं मी स्वतःला सांगत होतो. मला कोण देणार होतं?"

मिस्त्रींनी मान खाली घातली. कालच त्यांनी हेच वाक्य म्हटलं होतं.

तेव्हा मावशी बोलल्या. रागावून नाही. खरंच समजत नाही अशा आवाजात.

"एवढ्या आमच्या घरात राहून, मास्तर, आंधळं व्हायची लाज वाटली होय रे तुला?"

६

मास्तरांचं काय करायचं, हे मोठ्या बाईंनी सोमवारपर्यंत ठरवलं नाही. मग त्यांनी मला बोलावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या की ज्या चार ठिकाणी बातमी गेली, तिथे त्या स्वतः जाऊन खरं काय ते सांगणार आहेत. भाच्याला नको म्हणून कळवलं. डॉक्टरांना फोन केला होता, पण इथला नंबर बघून त्या उचलत नाहीत. मास्तरांनी राहावं की जावं, हे ज्यांचं नुकसान झालं त्यांनी येऊन सांगावं. तोवर काम थांबवता येत नाही, मुलांची परीक्षा कोणासाठी थांबणार नाही.

काम मी सुचवलं, तेही चार वेळा 'म्हणजे, मला आपलं वाटतं' असं म्हणून. ब्रेलची सहा बटणं मास्तरांच्या बोटांना पाठ आहेत. त्यांना फक्त दिसत नाही. मला दिसतं आणि वाचता येतं, बाकी काही येत नाही. तेव्हा मी भूमिती मोठ्याने वाचतो आणि ते टिपतात. त्रिकोण, कोन, वरचा घात दोन, कंस पूर्ण. मायक्रोफोनशिवाय, माणसासमोर बसून. पहिल्या दिवशी माझा घसा बसला. मास्तर माझ्याशी कामापुरतं बोलतात. मीही. दुसरं प्रकरण झालं, पण मावशींच्या बोटांखालून गेलं नाही, कारण छापायचं कशावर? सुतारपक्षी अजून मुका आहे. मिस्त्री रोज त्याला पुसतात आणि कव्हर घालून ठेवतात.

मोठ्या बाई म्हणाल्या, तुम्ही पत्र लिहा, ऑफिसतर्फे. मी म्हटलं, ऑफिसतर्फे तुम्ही वेगळं लिहा. माझ्याकडे त्यांचं पत्र आहे, त्याला उत्तर राहिलंय.

या वेळी कागद एकच लागला. लिहिलं ते असं:

"डॉक्टर, नाही. तुम्ही हलगर्जी नाही. तुमची डबी ताजी होती, आणि तिने मी पुसलेलंही जपून ठेवलं होतं. खरं काय घडलं ते मोठ्या बाई कळवतील. मी तुम्हाला उत्तर इतके दिवस का दिलं नाही, तर मला खात्री हवी होती. आता वाटतं, तुम्ही मला खात्री विचारली नव्हती. मला काय वाटतं ते विचारलं होतं. ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आम्ही तुमच्याशिवाय अपडेट केलं. सुतारपक्षी रुसलाय. त्याला कोणीही हात लावलेला नाही. मुलांचं पुस्तक आता खरंच होऊ लागलंय. यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

पाकीट घेऊन मी कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेलो. तिथे उभा राहिल्यावर सवयीप्रमाणे वाटलंच, की 'रुसलाय' हा शब्द थिल्लर झाला, बदलावा. मागे कोणीतरी पत्र टाकायला येऊन थांबलं होतं. मी पाकीट सोडलं.

पेटी रिकामी असावी. आत एकदाच आवाज झाला. टक.